अर्पणपत्रिकेतील विणकर

पुस्तकाची अर्पणपत्रिका सहसा कोणी अभ्यासत नाही. आम्ही शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांना प्रस्तावना वाचायला सांगतो, परिशिष्टे चाळायला सांगतो. अर्पणपत्रिका ही मात्र लेखकाची घरगुती बाब समजून ते पान उलटतो आणि पुढे जातो. १९६५ साली अमेरिकेत ‘ऑन वीव्हिंग’ नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखिका ॲनी आल्बर्स या जर्मनीत जन्मलेल्या, बाउहाउस या विख्यात कलाशाळेत शिकलेल्या आणि विसाव्या शतकातील अग्रगण्य वस्त्रकलावंतांत गणल्या जाणाऱ्या. हे पुस्तक त्यांनी पतीला अर्पण केलेले नाही, बाउहाउसमधील आपल्या नामवंत शिक्षकांनाही नाही. ते अर्पण केले आहे प्राचीन पेरूच्या विणकरांना, आणि त्यांचा उल्लेख आपले थोर गुरू असा केला आहे.

ज्यांचे एकही नाव इतिहासाला ठाऊक नाही अशा, दूरच्या खंडातील आणि दूरच्या काळातील कारागिरांना एका आधुनिकतावादी युरोपीय कलावतीने गुरुस्थानी बसवावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तौलनिक साहित्याभ्यासाच्या तासाला आपण ‘प्रभाव’, ‘अनुकरण’, ‘उसनवारी’, ‘रूपांतर’ असे शब्द सर्रास वापरतो. ‘ऋण’ हा शब्द त्या यादीत क्वचितच येतो. एका संस्कृतीतील कलावंताने दुसऱ्या संस्कृतीच्या भूदृश्याकडून आणि वस्त्रांकडून काही घेतले, तर ते घेणे कोणत्या अटींवर प्रामाणिक ठरते, हा प्रश्न आज जगभर चर्चिला जात आहे. त्या चर्चेत उतरण्यापूर्वी एका ऋणाचा इतिहास बारकाईने पाहावा, असे आम्हाला वाटते. ते ऋण कसे निर्माण झाले, कोणत्या मार्गाने फेडले गेले आणि त्यातला कोणता भाग फेडायचा राहून गेला, एवढेच प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

०

ॲनी फ्लाइशमन यांचा जन्म १८९९ साली बर्लिनमधील एका सुखवस्तू, मूळच्या ज्यू कुटुंबात झाला. १९२२ मध्ये त्या वायमार येथील बाउहाउसमध्ये दाखल झाल्या. स्त्री-पुरुष समानतेची भाषा बोलणाऱ्या या संस्थेत प्रत्यक्षात बहुतेक विद्यार्थिनींची पाठवणी विणकामाच्या कार्यशाळेत होत असे. ॲनी यांना काचकाम शिकायचे होते. तेथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्या नाइलाजाने मागावर बसल्या. धागा हे त्यांना आरंभी नाजूक, दुबळे, बायकी साधन वाटत होते, अशी कबुली त्यांनी पुढे मोकळेपणाने दिली आहे. मागाने त्यांचे मत बदलले. ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे यांच्या काटकोनातील बंधनात राहून काय काय करता येते, हा प्रश्न त्यांना चित्रकलेइतकाच गंभीर वाटू लागला. पाउल क्ले यांच्या तासांनी त्या विचाराला दिशा दिली. १९२५ मध्ये बाउहाउसमधलेच योझेफ आल्बर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३० मध्ये पदविकेसाठी त्यांनी बेर्नाऊ येथील कामगार संघटनेच्या शाळेतील सभागृहाकरिता भिंतीवर लावायचे एक कापड तयार केले. त्याची एक बाजू ध्वनी शोषून घेई आणि दुसरी, सेलोफेनमुळे, प्रकाश परावर्तित करी. कापड म्हणजे शोभा नव्हे, ती विचारपूर्वक केलेली रचना आहे, ही त्यांची भूमिका येथे पक्की झालेली दिसते.

पेरूच्या वस्त्रांशी त्यांची ओळख याच बर्लिनमध्ये झाली. तेथील मानववंशशास्त्रीय संग्रहालयात अँडीज प्रदेशातील जुन्या कापडांचा मोठा संग्रह होता. पेरूच्या किनारपट्टीवरचे वाळवंट इतके कोरडे आहे की दोन हजार वर्षांपूर्वी प्रेतांभोवती गुंडाळलेली वस्त्रे तेथे रंगांसकट टिकून राहिली आहेत. १९२० च्या दशकात हूलिओ तेयो या पेरूच्या पुरातत्त्वज्ञाने पाराकास द्वीपकल्पावर अशी चारशेहून अधिक प्रेत-गाठोडी उघडकीस आणली, तेव्हा या वस्त्रांची थोरवी जगाला नव्याने समजली.

त्या काळी युरोपातील कलावंतांना वसाहतींतून आलेल्या वस्तूंचे मोठे वेड होते. आफ्रिकी मुखवटे, पॅसिफिक बेटांवरील मूर्ती यांच्याकडे पाहून आपली चित्रे बदलणाऱ्या चित्रकारांची नावे कलेतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडतात. या पाहण्याला ‘आदिम’ हा शब्द चिकटलेला होता. ‘त्यां’च्याकडे सहजप्रेरणा आहे आणि ‘आपल्या’कडे बुद्धी, असे एक गृहीतक त्याच्या मुळाशी होते. आल्बर्स यांचे वेगळेपण येथे दिसते. संग्रहालयातील कापडांत त्यांना सहजप्रेरणा दिसली नाही. त्यांना दिसला तो हिशेब. कोणता धागा कोणत्या धाग्याखालून गेला, रंग बदलताना बाणा कसा वळवला, दोन थर एकाच वेळी कसे विणले, हे त्या धाग्यामागून धागा जाऊन पाहत होत्या. आपल्या पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या आकृतीपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात अडकून परत फिरतो. त्याच जातीचे काम पेरूच्या विणकरांनी अत्यंत सूक्ष्म पातळीवर नेले होते. ते पाहून चकित होणे सोपे आहे. ते उलगडून समजून घेणे हे विद्यार्थ्याचे काम, आणि आल्बर्स यांनी ते पत्करले.

०

१९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली बाउहाउस बंद झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आल्बर्स दांपत्य अमेरिकेत पोहोचले. नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेज या नव्याने निघालेल्या संस्थेत दोघांना शिकवण्याचे काम मिळाले. देश गेला, भाषा गेली, आप्तस्वकीयांचे काय होणार याची शाश्वती राहिली नाही, अशा अवस्थेतील हे स्थलांतर होते.

१९३५ च्या हिवाळ्यात दोघे मोटारीने प्रथम मेक्सिकोत गेले. त्यानंतर १९६७ पर्यंत ते मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतील इतर देशांत डझनाहून अधिक वेळा गेले. १९५३ मध्ये पेरू आणि चिली येथेही त्यांचे वास्तव्य झाले. येथे क्ले यांची आठवण होते. १९१४ मध्ये ते ट्युनिशियात जेमतेम दोन आठवडे राहिले आणि तेथील प्रकाशाने त्यांची रंगांची जाण पालटली. कलेच्या इतिहासात असे विजेसारखे प्रवास आहेत आणि त्यांचे मोल कमी नाही. आल्बर्स यांची रीत मात्र पुन्हा पुन्हा तेथेच जाण्याची होती. एकच अभंग दरवर्षी नव्या वर्गाला शिकवताना दर वेळी त्यातले काही वेगळे हाती लागते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही, तसेच हे.

ओआहाका खोऱ्याच्या मध्यभागी असलेला मॉन्ते आल्बान हा डोंगर त्यांच्या भेटींचे एक केंद्र होता. इसवी सनापूर्वी सुमारे ५०० वर्षे झापोतेक लोकांनी या डोंगरमाथ्याचे सपाटीकरण करून तेथे नगर वसवण्यास सुरुवात केली. भोवती पर्वतरांगा, खाली खोरे, आणि माथ्यावर विस्तीर्ण चौक, त्याच्या कडांनी पायऱ्या-पायऱ्यांचे चौथरे. निसर्गाची रेषा कोठे संपते आणि माणसाने आखलेली कोठे सुरू होते, ते सांगता येऊ नये असे हे स्थळ. १९३६ मध्ये ॲनी आल्बर्स यांनी ‘मॉन्ते आल्बान’ याच नावाचे एक वस्त्र विणले. रेशीम, लिनन आणि लोकर यांच्या संथ, मातकट पृष्ठभागावरून एक जादा धागा वर-खाली, आडवा-तिरपा फिरताना त्यात दिसतो. हा धागा कापडाला धरून ठेवण्यासाठी नाही. त्याच्याशिवायही कापड पूर्ण आहे. तो पृष्ठभागावर तरंगत जातो आणि जाता जाता पायऱ्या, चौथरे, डोंगराची कड यांची नुसती सूचना करतो. जादा बाण्याची ही युक्ती प्राचीन अँडीजमधील विणकरांच्या परिचयाची होती. म्हणजे विषय मेक्सिकोच्या भूदृश्याचा, रीत पेरूच्या वस्त्रांची, आणि हात बाउहाउसमध्ये घडलेला. येथे मेक्सिकोचे ‘चित्र’ कोठेही नाही. पिरॅमिड नाही, निवडुंग नाही, रंगीबेरंगी बाजार नाही. पर्यटकाला घरी न्यावेसे वाटेल असे काहीच त्यांनी उचललेले नाही.

त्याच वर्षीचे ‘एन्शंट रायटिंग’ हे वस्त्र साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे वाटावे. गडद पार्श्वभूमीवर निरनिराळ्या पोतांचे लहान-मोठे चौकोन, जणू न वाचता येणाऱ्या लिपीतील अक्षरे. स्पॅनिश आक्रमणापूर्वी मेक्सिकोत झापोतेक आणि माया लोकांच्या चित्रलिपी होत्या. अँडीजमध्ये मात्र अक्षरलिपी नव्हती. तेथे ‘किपू’ होते, म्हणजे एका जाड दोरीला लोंबणाऱ्या गाठी मारलेल्या दोऱ्या. या गाठींत दशमान पद्धतीने संख्या नोंदवल्या जात, हे लेलँड लॉक यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. ज्या समाजात कागदावरचे अक्षर नव्हते, तेथे अर्थ वाहण्याचे काम धाग्याने केले, हा विचार आल्बर्स यांच्या लेखनात वारंवार येतो. ‘ओपन लेटर’, ‘कोड’ ही त्यांच्या नंतरच्या वस्त्रांची नावेही तेच सांगतात. १९६५-६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयासाठी, नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मृत्यर्थ, त्यांनी ‘सिक्स प्रेयर्स’ ही सहा उभ्या पट्ट्यांची कलाकृती विणली. तीतही एक धागा लिहिल्यासारखा वळणे घेत जातो आणि वाचता येत नाही. स्वतःच्या लोकांचा शोक व्यक्त करण्यासाठी त्यांनी वापरली ती रीत मॉन्ते आल्बानच्या वस्त्रापासून चालत आलेली होती. परक्या संस्कृतीकडून घेतलेले त्यांच्या हाती इतके आतवर मुरले होते.

०

या घेण्याचे स्वरूप समजण्यासाठी एक उदाहरण फार उपयोगी आहे. १९३२ च्या जानेवारीत आल्फोन्सो कासो यांना मॉन्ते आल्बान येथील सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सोने, हरिताश्म, स्फटिक, मोती, कोरीव हाडे यांचा अपूर्व ठेवा सापडला. (त्या कोरीव हाडांपैकी काही विणकामाच्या अवजारांच्या घडणीची आहेत, असे मत पुढील काळातील अभ्यासकांनी मांडले आहे.) तो ठेवा पाहून आल्बर्स प्रभावित झाल्या. परत आल्यावर आलेक्स रीड या विद्यार्थ्याच्या साथीने त्यांनी दागिने घडवले. कशाचे? मोरीच्या तोंडावर बसवायची छिद्रांची चकती, पेपरक्लिपा, केसांचे आकडे, नटबोल्टाखाली घालायचे वॉशर, साधी साखळी. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील दागिन्यांच्या प्रदर्शनात हे दागिने ठेवले गेले.

एखाद्याने त्या ठेव्यातील सोन्याच्या पदकाची नक्कल करून विकली असती. आल्बर्स यांनी तिथून आकार उचलला नाही, नक्षी उचलली नाही. सोने आणि शिंपला, स्फटिक आणि मोती अशी अनपेक्षित द्रव्ये तेथे एकमेकांशेजारी मांडली होती. मौल्यवान काय आणि क्षुल्लक काय याची बाजारातली प्रतवारी त्या कारागिरांनी मानलेली दिसत नव्हती. ती निर्भयता त्यांनी घेतली आणि ती आपल्या परिसरातील वस्तूंना, म्हणजे अमेरिकेतील हार्डवेअरच्या दुकानाला लावली.

ब्लॅक माउंटनमधील त्यांचे शिकवणेही याच दिशेचे होते. विद्यार्थ्यांनी आधुनिक मागावर थेट बसू नये. आपल्याजवळ काहीच नाही, कापडही नाही आणि मागही नाही, अशा शून्यातून आरंभ करावा, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून सुरुवात होई ती पाठीला पट्टा बांधून चालवायच्या मागापासून. या मागाला चौकट नसते. ताण्याचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेले, दुसरे विणणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला. अंग मागे रेलले की ताणा ताठ होतो, पुढे झुकले की सैल पडतो. मेक्सिको, ग्वातेमाला, पेरू येथील स्त्रिया शतकानुशतके याच मागावर विणत आल्या. यंत्रयुगाने वेग दिला, तरी विणकामाचे मूळ तत्त्व या काही काठ्या आणि दोऱ्यांत पूर्णपणे आलेले आहे, हे विद्यार्थ्याला डोक्याने कळण्याआधी पाठीने कळत असे. अँडीजमध्ये कापड मागावरच हव्या त्या मापाचे, चारही बाजूंना किनार असलेले विणत आणि ते कापत नसत, ही गोष्ट अशा मागावर बसल्याशिवाय नीट समजत नाही.

योझेफ आल्बर्स यांची वाट डोळ्यांची होती. मेक्सिकोतील अवशेषांची असंख्य छायाचित्रे त्यांनी काढली, ती कापून शेजारी-शेजारी डकवली, एकच जिना वेगवेगळ्या उन्हात पाहिला. मेक्सिको ही अमूर्त कलेची खरी भूमी आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी १९३६ मध्ये आपले बाउहाउसमधील जुने सहकारी कांडिन्स्की यांना पाठवले. १९४६-४७ मधील रजेच्या काळात त्यांनी सुरू केलेली ‘व्हेरिअंट’ ही चित्रमालिका कच्च्या विटांच्या साध्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून सुचलेली आहे. भिंत, दोन खिडक्या, आणि शेजारी-शेजारी ठेवलेले रंग. १९५० पासूनची त्यांची जगप्रसिद्ध चौकोनांची मालिका या भिंतींच्या पुढची पायरी आहे, असे आता बरेच अभ्यासक मानतात. २०१७-१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या मेक्सिकोसंबंधीच्या कामाचेच स्वतंत्र प्रदर्शन भरले होते.

या दोघांच्या वृत्तीला मराठीत एक नेमका शब्द आहे : अवधान. ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता हेच मागितले. अवधान म्हणजे एकाग्रता तर खरीच, पण तीत समोरच्याला मोठेपण देणेही येते. आपण ऐकणारे आहोत, सांगणारा दुसरा आहे, ही कबुली येते. आल्बर्स यांच्या अर्पणपत्रिकेत हीच कबुली आहे. आजकाल ‘अमुक संस्कृतीपासून प्रेरित’ अशी चिठ्ठी लावून बाजारात येणाऱ्या वस्तूंत प्रेरणा असेलही. अवधान असते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारून पाहण्यासारखा आहे.

०

लेख येथे थांबवला असता तर तो एक गौरवलेख झाला असता. पण त्या अर्पणपत्रिकेत एक विशेषण आहे आणि ते आम्हाला पुन्हा पुन्हा अडवते : ‘प्राचीन’.

१९६५ साली पेरूत विणकर नव्हते काय? होते. कुस्कोच्या आसपासच्या डोंगराळ गावांत स्त्रिया गुरे राखता राखता चाती फिरवून सूत कातत होत्या आणि जमिनीवर बसून, कमरेला माग बांधून विणत होत्या. मेक्सिकोत आल्बर्स दांपत्याने अशा हयात विणकरांची वस्त्रे विकत घेतली होती. ब्लॅक माउंटनसाठी ॲनी यांनी जमवलेला, हॅरिएट एंगलहार्ट या दिवंगत विद्यार्थिनीच्या स्मृतीला वाहिलेला वस्त्रसंग्रह आज येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे. त्या संग्रहाला विद्यार्थिनीचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण ज्या बायकांनी ती वस्त्रे विणली त्यांना सामान्यतः अशा संग्रहांत नाव नसते. असतो तो प्रदेश, जमात आणि अंदाजे काळ. मृत गुरूंना वंदन करणे सोपे असते, कारण ते आपल्याकडे काही मागत नाहीत. हयात गुरू मागू शकतो. तो किंमत मागू शकतो, नाव मागू शकतो, ‘हे तुम्ही चुकीचे समजलात’ असेही म्हणू शकतो.

‘प्राचीन’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. समोरची संस्कृती गोठून जाते. प्रत्यक्षात ती वाहती असते. ओआहाकातील तेओतित्लान देल व्हाये हे झापोतेक विणकरांचे प्रसिद्ध गाव घ्या. तेथे आज लोकरीचे गालिचे ज्या पायपट्ट्यांच्या मागावर विणले जातात तो माग आणि ती मेंढी, दोन्ही सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आली. मितला येथील भिंतींवरची, चुना न वापरता दगडाचे तुकडे बसवून केलेली पायरी-नागमोडी नक्षी या गालिच्यांवर येते. त्याचबरोबर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिऱ्हाइकांसाठी पिकासो, मिरो आणि एशर यांची चित्रेही याच मागांवर विणली गेली. अमेरिकन व्यापाऱ्यांच्या मागणीवरून नावाहो लोकांच्या नक्षीचे गालिचेही येथे तयार झाले. घेणे एकाच दिशेने होते असे नाही. पण दोन्ही घेणी सारखीही नाहीत. एका बाजूला कलावंत आपल्या मर्जीने निवडतो. दुसऱ्या बाजूला विणकर गिऱ्हाईक सांगेल ते विणतो, आणि कापडावर सही कोणाची असणार हे आधीच ठरलेले असते.

अलीकडच्या काळात हयात विणकर बोलू लागले आहेत. २०१५ मध्ये ओआहाकातील सान्ता मारिया त्लाउइतोल्तेपेक या मिहे लोकांच्या गावाने, आपल्या पारंपरिक पोलक्याचे भरतकाम एका फ्रेंच फॅशनगृहाने उचलल्याची जाहीर तक्रार केली. जानेवारी २०२२ मध्ये मेक्सिकोत मूलनिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा केंद्रीय कायदा आला. नक्षी, वस्त्रे, प्रतीके यांवर त्या त्या समाजाचा सामूहिक हक्क त्याने मान्य केला. पेरूत चिंचेरो गावच्या विणकर निल्दा काल्यान्यौपा आल्व्हारेस यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये कुस्को येथे पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र उभे राहिले. ताण्याचेच धागे रंगागणिक तोडून-जोडून विणण्याची, प्राचीन पेरूचे वैशिष्ट्य मानली जाणारी पद्धत या केंद्राशी जोडलेल्या पितुमार्का गावातील विणकरांनी पुन्हा हाती घेतली. संग्रहालयाच्या काचेआड ‘प्राचीन’ म्हणून ठेवलेली गोष्ट एखाद्या बाईच्या मांडीवर आज नव्याने घडत आहे. चिलीच्या कवयित्री सेसिलिया विकुन्या यांनी किपूलाच आपल्या कवितेचे आणि कलेचे माध्यम केले. २०२२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे प्रचंड आकाराचे किपू छतापासून लोंबत होते. याच संग्रहालयात २०१८ मध्ये ॲनी आल्बर्स यांचे मोठे प्रदर्शन झाले होते. चार वर्षांच्या अंतराने एकाच इमारतीत शिष्या आणि गुरुकुळातली वारसदार, दोघींचे धागे लागले, असे म्हणता येईल.

आल्बर्स यांच्यावर खटला चालवण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे जाऊन त्यांनी ऋण मान्य केले. ज्याला कारागिरी म्हणून खालच्या पायरीवर बसवले जात होते त्याला त्यांनी विद्या म्हटले. निर्वासित म्हणून आलेल्या एका स्त्रीने दुसऱ्या, लुटल्या गेलेल्या संस्कृतीत आधार शोधला आणि तो ओरबाडून घेतला नाही. एवढे करूनही एका विशेषणाच्या आडोशाला हयात माणसे राहून गेली. अवधान असूनही असे घडते, ही गोष्ट आम्हाला अधिक विचार करण्यासारखी वाटते.

०

हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला किती आहे, हेही सांगून टाकतो. आम्ही मॉन्ते आल्बान पाहिलेले नाही. पाहिली आहेत ती पुस्तकांतील चित्रे. आणि जी चूक आम्ही वर दाखवली ती आमच्याकडूनही घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला घेऊन आम्ही येवल्याला गेलो होतो. एका विणकराच्या घरी पैठणीचा पदर मागावर चढलेला होता. त्यांनी मोराच्या मानेपाशी लोंबणाऱ्या लहान-लहान कांड्या दाखवल्या, एकेक रंग आपल्या हद्दीत कसा वळतो ते संथपणे करून दाखवले आणि खालून आरसा धरून मागची बाजूही तशीच स्वच्छ आहे हे पाहायला लावले. कोणाकडून शिकलात, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या आत्याचे नाव सांगितले. तास-दीड तास त्यांचे काम थांबले होते. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आम्ही या सहलीचा वृत्तांत लिहिला. त्यात ‘दोन हजार वर्षांची प्राचीन परंपरा’ असे शब्द होते, सहभागी प्राध्यापकांची नावे होती, प्राचार्यांचे आभार होते. अंक निघाल्यावर एका विद्यार्थिनीने येऊन विचारले, “मॅडम, त्या काकांचं नाव काय होतं?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणालाच आठवेना. आत्याचे नाव तर कोणी टिपूनही घेतले नव्हते.

तेव्हापासून तौलनिक अभ्यासाचा पेपर शिकवताना आम्ही ‘ऑन वीव्हिंग’च्या अर्पणपत्रिकेपासून सुरुवात करतो. तिचे मोठेपण आधी सांगतो, मग त्या विशेषणाकडे बोट दाखवतो, आणि मग येवल्याची गोष्ट सांगतो. क्षेत्रभेटीच्या वहीत आता पहिला रकाना नावाचा असतो. दुसरा, कोणाकडून शिकलात याचा.